अकरा शब्द

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. ताई तर म्हणते, "हिला देवाने आधी राग दिला आणि मग त्याला नाक चिकटवलं." असू दे. पण त्या दिवशी शाळेतून आलेली चिठ्ठी वाचून कुणाचंही डोकं फिरलं असतं.

चिठ्ठी माझ्या भाचीबद्दल होती. ताईची मुलगी, आठ वर्षांची, तिसरीत. अंगाने काडी आणि तोंड उघडलं की टोचणार, म्हणून आमच्या कारखान्यात तिचं नाव टाचणी पडलं आणि आता घरीही तेच झालंय. ताई हॉस्पिटलात नर्स आहे, तिची ड्यूटी आज सकाळची तर उद्या दुपारची. त्यामुळे शाळा सुटली की टाचणी चालत माझ्याकडे येते आणि ताई सुटली की तिला घेऊन जाते. 'माय मरो पण मावशी उरो' असं मी ताईच्या तोंडावर म्हणते आणि ती मला धपाटा घालते.

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वाचनाचा वेग : मिनिटाला अकरा शब्द. गट : लाल. घरी रोज पंधरा मिनिटे अक्षरओळख घ्यावी.'

अक्षरओळख! टाचणीची! मी चिठ्ठी तीनदा वाचली. मग मागे दुसऱ्या मुलाचं नाव आहे का तेही बघितलं. नव्हतं.

आता आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी पुस्तकं बांधते. वाचनालयांची, ऑफिसांची, कुणाकुणाच्या घरची फाटकी पुस्तकं आमच्याकडे येतात. जुनी शिवण उसवायची, पानं सुटी करायची, फाटलेली चिकटवायची, पुन्हा शिवायची आणि वर नवा पुठ्ठा चढवायचा. शिवायला आणि चिकटवायला कुणीही शिकतं. खरं काम पानं लावायचं. जुन्या पुस्तकांचे कोपरे झडलेले असतात, पानांचे आकडे गेलेले असतात, आणि उसवलेला गठ्ठा हातातून निसटला की संपलंच, दोनशे पानं जमिनीवर. मग काय करायचं? एका पानाची शेवटची ओळ वाचायची आणि तिला जुळणारी पहिली ओळ कुठल्या पानावर आहे ते शोधायचं. आमच्याकडे याला सांधा बघणं म्हणतात. आधी शेवटची ओळ, मग पुढच्या पानाची पहिली. मधलं वाचत बसायचं नाही, नाहीतर दिवसभरात एक पुस्तक हातावेगळं व्हायचं नाही.

टाचणी हे बघूनबघूनच वाचायला शिकली. कुणी पाटी घेऊन बसवलं नाही. पाच वर्षांची होती, एक दिवस माझ्या कोपराखालून बोट घालून म्हणाली, "मावशी, हे पान इथलं नाही. तिकडे आजोबा मेलेत आणि इथे जेवतायत." मी हातातली सुई खाली ठेवली. पान खरंच तिथलं नव्हतं. तेव्हापासून मी तिला सांधे बघायला बसवते. ती मधलंही सगळं वाचते, मला ठाऊक आहे, मी बघून न बघितल्यासारखं करते. आमच्या मालकांना सगळे काका म्हणतात, ते एकदा म्हणाले होते, "ही मोठी झाली की आपल्या सगळ्यांना घरी बसवेल."

आणि या पोरीची अक्षरओळख घ्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी तिथे जाऊन धडकले. वर्गाच्या दारात पोरं न्यायला आलेले आईबाप उभे होते. मी त्यांच्यामधून वाट काढत थेट तिच्या वर्गशिक्षिकेच्या टेबलापाशी गेले.

"बाई, ही दुसऱ्या कुणाची तरी चिठ्ठी आमच्याकडे आलीय."

"नाही, तिचीच आहे." बाईंनी वही उघडून दाखवली. "कार्ड दिलं, एक मिनिट लावलं, अकरा शब्द झाले. मी स्वतः मोजलेत."

"अहो, ती मोठ्यांची पुस्तकं वाचते!"

"घरी सगळेच वाचतात हो," बाई म्हणाल्या. तिरसटपणे नाही, दमलेल्या आवाजात. "माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या घरून मला हेच सांगतात. प्रत्येकाचा बाब्या हुशारच असतो."

बस्स. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणाले, एका शितावरून भाताची परीक्षा करता, तर निदान ते शीत भाताचंच आहे का एवढं तरी बघा. मी म्हणाले, तुमचं ते एक मिनिटाचं घड्याळ नेऊन विहिरीत टाका. आणि शेवटी म्हणाले, बेचाळीस पोरं झेपत नसतील तर घरी बसा. हे शेवटचं बोलायला नको होतं. मागे उभे असलेले आईबाप वळून बघायला लागले. बाईंनी वही मिटली, ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "पुढची चाचणी सत्राच्या शेवटी आहे. तेव्हा बघू."

टाचणी माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला स्वतःच्या रागापुढे तेव्हा तिचं तोंड बघायचं सुचलं नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

मग सुरू झाला लाल गट. या गटाच्या मुलांनी लायब्ररीतल्या खालच्या फळीवरची, लाल पट्टीची पुस्तकंच घ्यायची, वरच्या फळ्यांना हात लावायचा नाही. टाचणी पहिलं पुस्तक घेऊन आली. आठ पानं. 'हा चेंडू आहे. चेंडू गोल आहे. चेंडू उडाला.' असली पुस्तकं आम्ही शिवतही नाही, मधोमध दोन पिना मारल्या की झालं. मला वाटलं, टाचणी आता यावर काहीतरी झणझणीत बोलणार आणि आम्ही पोट धरून हसणार. तिने मात्र पुस्तक दप्तरात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, मी दोरा ओवून देऊ?"

"दोरा कशाला? ती नदीची कादंबरी सुटी झालीय, सांधे बघ की."

"नको. दोराच ओवते."

एक दिवस झाला, दोन झाले, आठवडा झाला. सुयांमध्ये दोरे ओवून झाले, पुठ्ठ्याचे तुकडे आकाराप्रमाणे लावून झाले, खळीच्या डब्यांची झाकणं पुसून झाली. पोरीने एका पानाकडे बघितलं नाही. मी मुद्दाम तिच्यासमोर पानं चुकीची लावली. पूर्वी असं केलं असतं तर तिने माझी अक्कल काढली असती. आता ती बघायची आणि मान फिरवायची.

शेवटी मी म्हणाले, "काय गं ए, वाचायला काय झालंय तुला?"

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली.

तिला ना रडू आलं होतं ना ती रुसली होती. खिडकी बंद आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

संध्याकाळी ताई आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती दिवसभर उभी राहून आलेली, तिचे पाय सुजलेले. माझ्यावरच उखडली. "तू तिथे जाऊन तमाशा केलास. आता त्या बाई हिच्याकडे कुठल्या डोळ्यांनी बघणार? आणि शाळा म्हणते तर असेलही काहीतरी. तू तिला लाडाने डोक्यावर बसवलंयस."

"तुला तरी वाटतं का, तिला वाचता येत नाही?"

ताई सुजलेले पाय चोळत म्हणाली, "मला काय वाटतं याने काय होतंय? तिला वाटतंय ना."

ताई कमी बोलते, पण बोलली की असं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर पुस्तकं आपटत काम करत होते. काका बराच वेळ बघत होते. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तू बाईंशी भांडलीस, ताईशी भांडलीस, आता माझ्या पुठ्ठ्यांशी भांडतेयस. त्या दिवशी काय झालं ते पोरीला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. खरंच सांगते, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जिची गोष्ट तिला सोडून सगळ्या गावाला विचारून झालं होतं.

टाचणी आली तशी मी पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून तिच्या हातात दिला. "हे ते कार्ड समज. मी बाई. तू तेव्हा काय केलंस, तस्संच करून दाखव."

तिने पुठ्ठा हातात घेतला आणि सगळ्यात आधी तळाशी बघितलं. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "'तेवढ्यात तिला पुलाखालून ओळखीचा आवाज आला.'" मग पुठ्ठा उलटा केला. मागे बघितलं. मग टेबलावर इकडेतिकडे बघायला लागली.

"आता काय शोधतेयस?"

"पुढचं पान. मागची बाजू कोरी होती ना. बाईंच्या टेबलावर खूप कार्डं होती. मी जेवढी दिसली तेवढी बघितली, पुढचं सापडलं नाही. बाई म्हणाल्या, अगं वाच ना, वेळ चाललाय. मग मी वरून सुरुवात केली, 'एका मुलीचा कुत्रा हरवला होता.' तेवढ्यात घड्याळ वाजलं."

मी बोटांवर मोजलं. शेवटच्या ओळीचे सहा, पहिल्या ओळीचे पाच. अकरा.

"आणि मधलं?" मी विचारलं.

"ते मनात वाचलं होतं. कार्ड हातात आलं तेव्हाच." आणि तिने ते कार्ड वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवलं. कुत्र्याचा कान कसा फाटका होता, मुलगी कुठल्या गल्लीत गेली, दुकानदार काय म्हणाला, सगळं. पंधरा दिवसांपूर्वी एकदा बघितलेलं कार्ड.

काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. आधी शेवटची ओळ, मग पुढच्या पानाची पहिली. हे तिला कुणी शिकवलं होतं? शाळेने? मी शिकवलं होतं, याच टेबलावर, तीन वर्षं, आणि वर कौतुकही केलं होतं. आणि शाळेत जाऊन बोंब कुणी मारली? मीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले, कारण पोरीसमोर रडायचं नव्हतं.

मग मी काकांना विचारून ती नदीची कादंबरी फडक्यात बांधली. वाचनालयाची होती, शंभरेक वर्षांची असेल, कोपरे सगळे झडलेले, आकडा एकाही पानावर धड नाही. काका म्हणाले, "ने. पण एक पान जरी कमी झालं तरी वाचनालयवाल्यांसमोर तूच उभी राहायचं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गाबाहेर थांबले. शेवटचं मूल जाईपर्यंत थांबले. टाचणी माझ्या बाजूला. आत गेले तेव्हा बाई पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात होत्या. मला बघून त्यांचा चेहरा आवळला. माझ्यासारखी बाई पुन्हा दारात दिसली असती तर माझाही आवळला असता.

"त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं," मी म्हणाले. "घरी बसा म्हणाले ते तर फारच. मला पाच मिनिटं द्या, आज मी ओरडणार नाही."

मी त्यांना सांधा म्हणजे काय ते सांगितलं. अकरा शब्द कसे झाले ते मोजून दाखवलं. बाई उभ्या राहूनच ऐकत होत्या. मग पर्स टेबलावर ठेवली, वर्गातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक जाड पुस्तक काढलं आणि टाचणीपुढे धरलं. "घड्याळ लावत नाही. कुठलंही पान वाच."

टाचणीने हात मागे घेतले. "मला येत नाही, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ दाताखाली धरले. सवयीप्रमाणे तोंडातून काहीतरी निघणार होतं, ते गिळलं. एकच शहाणपणाचं काम मी त्या महिन्यात केलं असेल तर ते हे.

मी फडकं सोडलं आणि पानं बाकावर ओतली. मुद्दाम, सगळी उलटीसुलटी.

"राहू दे तिचं वाचन, बाई," मी म्हणाले. "तुमची हरकत नसेल तर मी इथेच बसून माझं काम उरकते. उद्या द्यायचंय." आणि मी पानं लावायला लागले. चुकीची लावायला लागले. एक लावलं, दुसरं लावलं, तिसरं तर इतकं चुकीचं लावलं की आंधळ्यालाही कळावं.

टाचणी बघत होती. तिचा एक पाय जमिनीवर टकटक वाजायला लागला. चौथ्या पानाला तिला राहवलं नाही.

"अगं मावशी, काय करतेयस! नाववाली अजून पलीकडच्या काठावर आहे!" तिने माझ्या हातातून पान ओढून घेतलं. "सरक."

मी सरकले. ती बाकावर गुडघे टेकून बसली आणि पानं लावायला लागली. ओठ हलत नव्हते, बोट फिरत नव्हतं, फक्त डोळे वरून खाली जात होते आणि पान गठ्ठ्यावर बसत होतं. आठ दिवसांची उपाशी पोर जेवायला बसावी तशी बसली होती. बाई आधी उभ्या होत्या, मग वाकल्या, मग शेजारच्या बुटक्या बाकावर बसल्या, गुडघे पार हनुवटीला लागले तरी बसून राहिल्या. शाळेचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला. बाईंनी त्याला हातानेच थांब म्हटलं.

अर्ध्या तासाने टाचणी म्हणाली, "यातलं एक पान गहाळ आहे."

"कुठलं गं?" मी विचारलं. मी तो सांधा कारखान्यातच बघितला होता. एक पान पूर्णविरामावर संपत होतं, दुसरं नव्या वाक्याने सुरू होत होतं. अठरा वर्षं काम करणाऱ्या बाईला तिथे काहीही खटकलं नव्हतं.

"हे बघ, इथे नाववालीचं एक वल्हं पुरात वाहून जातं. आणि या पानावर ती दोन्ही वल्ही मारतेय."

"लिहिणारा विसरला असेल," बाई म्हणाल्या. त्या मुद्दाम अडवत होत्या, ते मला कळलं.

"नाही बाई. इथे खाली ती म्हणते, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. कुठल्या माणसाचे? या पानांत तर माणूस आलेलाच नाही. म्हणजे मधे कुणीतरी येऊन तिला वल्हं देतो. तो सुतार असणार, कारण पुढे तिच्या नावेत रंधा राहिलेला सापडतो."

"रंधा सापडतो ते पान मला वाचून दाखवतेस?" बाईंनी विचारलं. टाचणीने गठ्ठ्यातून पान उपसलं आणि वाचलं. वरून खालपर्यंत, न अडखळता. नाववाली चिडली तिथे तिचाही आवाज चढला, आणि मला वाटलं, हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय. माझाच होता.

बाईंनी कपाटातलं ते जाड पुस्तक उचलून टाचणीच्या दप्तरावर ठेवलं. मला म्हणाल्या, "गटाचं कागदोपत्री काही माझ्या हातात नाही, ते सत्राच्या शेवटीच बदलेल. फळीचं मात्र मी बघते. तिला हवं ते तिने काढावं." मग त्यांनी ड्रॉवर उघडून ती वही काढली आणि लाल गटाची यादी वरून खाली वाचायला लागल्या. एकेका नावावर थांबत होत्या.

मी पानं फडक्यात बांधत होते. टाचणी टेबलापाशी गेली. "बाई, त्या कार्डाचं पुढचं पान कुठे होतं?"

"कुठल्या कार्डाचं?"

"कुत्रा हरवतो त्या. पुलाखालून आवाज येतो, त्याच्यापुढचं."

बाईंनी वहीतून मान वर केली. "त्याला पुढचं पान नसतं गं. एकशे वीस शब्द भरले की कार्ड संपतं. कुठूनतरी घेतात आणि मधेच कापतात."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

"मी सगळी कार्डं बघितली होती," टाचणी म्हणाली. "मला वाटलं, बाकीच्यांना सापडतं आणि मलाच सापडत नाही."

बाईंनी हातातली वही बाजूला ठेवली.

"मग मला वाचता येतं," टाचणी म्हणाली, आणि तिने ते जाड पुस्तक दप्तरात कोंबलं.